मातेकडून मातेकडे

आई मुलाला जन्म देते तेव्हा आपल्याजवळ असेल ते सारे त्याला देऊन टाकते. नऊ महिने ती त्याला आपल्या रक्तावर पोसते आणि पुढे दुधावर वाढवते. रोगांशी झगडण्याचे पहिले बळही मुलाला तिच्याकडूनच मिळते. एखाद्याच्या पराक्रमाला आव्हान द्यायचे झाले, तरी ‘आईचे दूध प्याला असशील तर पुढे ये’ असे आपल्या भाषेत म्हटले जाते. देण्याच्या ह्याच वाटेने एखादा घातक रोगही मुलाकडे जाऊ लागला, तर त्या आईच्या मनाची अवस्था काय होईल? एच.आय.व्ही. ह्या विषाणूने जगातील लक्षावधी स्त्रियांना ह्या प्रश्नासमोर उभे केले. वैद्यकशास्त्राने त्याचे उत्तर शोधून काढले, ही गेल्या तीस वर्षांतील एक मोठी घटना होय. परंतु ते उत्तर त्या स्त्रियांच्या दारापर्यंत नेले कोणी, ही हकीकतही तितक्याच मोलाची आहे. आणि ती त्या मानाने फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

हा संसर्ग आईकडून मुलाकडे तीन प्रसंगी जाऊ शकतो. मूल गर्भात असताना, त्याचा जन्म होताना आणि जन्मानंतर ते अंगावर पीत असताना. कोणताच उपाय केला नाही, तर १०० बाधित मातांच्या मुलांपैकी १५ ते ४५ मुलांना हा संसर्ग होतो. म्हणजे उपाय न करताही निम्म्याहून अधिक मुले सुटतात. मात्र ज्यांना संसर्ग होतो आणि औषध मिळत नाही, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

१९९४ मध्ये अमेरिका व फ्रान्स ह्या देशांत झालेल्या एका प्रयोगाने पहिला मोठा आशेचा किरण दाखवला. गरोदरपणात व प्रसूतीच्या वेळी मातेला आणि जन्मानंतर बालकाला ए.झेड.टी. हे औषध दिले असता संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. परंतु हा उपचार लांबलचक होता आणि त्याचा खर्च गरीब देशांना झेपणारा नव्हता. १९९९ मध्ये युगांडाची राजधानी कंपाला येथील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रसूतिवेदना सुरू होताच आईला नेव्हिरापिन नावाच्या औषधाची एकच गोळी आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस, इतकाच हा उपचार होता. तेवढ्यानेही, ए.झेड.टी.च्या अल्प मुदतीच्या उपचाराशी तुलना करता, संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतर औषधे अधिक प्रभावी झाली. आज आई तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी रोज घेते, ती आयुष्यभर घेते, आणि तिने ती नियमाने घेतली तर मुलाला संसर्ग होण्याची भीती १०० मध्ये ५ पेक्षाही कमी, कित्येकदा एक-दोनच राहते.

मग प्रश्न उरला कोठे? तो उरला गोळी आणि स्त्री ह्यांच्यामधल्या अंतरात. ह्या उपचाराची वाट एका पावलाची नाही. स्त्रीने गरोदरपणात लवकर दवाखान्यात यावे लागते. रक्ततपासणीस संमती द्यावी लागते. निकाल ऐकावा लागतो आणि तो ऐकल्यानंतरही परत यावे लागते. गोळी रोज घ्यावी लागते. प्रसूती रुग्णालयात व्हावी लागते. बाळाला काही आठवडे औषध पाजावे लागते, त्याला दूध कोणते व कसे द्यायचे ते ठरवावे लागते आणि सहाव्या आठवड्यात त्याचे रक्त तपासायला आणावे लागते. अशा एका पायरीवर १० स्त्रियांपैकी ९ टिकल्या तर कोणीही अधिकारी समाधान मानील. परंतु सात पायऱ्यांवर तसेच घडले, तर शेवटी निम्म्याहून कमी स्त्रिया उरतात. हा साधा हिशेब आहे, आणि आरोग्य खात्याचे कितीतरी चांगले बेत ह्या हिशेबात अडले आहेत.

शिवाय ह्या गळतीची कारणे दवाखान्यात सापडत नाहीत, ती घरात असतात. पतीला सांगावे तर तो घराबाहेर काढील, न सांगावे तर गोळ्या ठेवायच्या कोठे? सासूने विचारले, की ह्या गोळ्या कशाच्या, तर काय सांगायचे? शेजारणीने दवाखान्याच्या कोणत्या दारातून बाहेर पडताना पाहिले? ह्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही औषधाच्या खोक्यावर छापलेली नसतात.

ह्या सगळ्याचा सर्वांत कठोर अनुभव दक्षिण आफ्रिकेने घेतला. १९९० मध्ये तेथील सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवतींमध्ये शंभरात एकीलाही हा संसर्ग नव्हता. २००१ पर्यंत तेथे सुमारे चार गर्भवतींमागे एक बाधित आढळू लागली. वर्णद्वेषी राजवट जाऊन नवी लोकशाही उभी राहत होती, त्याच दशकात हे संकट कोसळले. त्यात भर अशी की, राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी हे एड्सच्या कारणाविषयीच जाहीर शंका घेऊ लागले. नेव्हिरापिनच्या उत्पादकांनी हे औषध ह्या कामासाठी पाच वर्षे विनामूल्य देऊ केले होते. तरीही शासनाने ते प्रत्येक प्रांतात फक्त दोन, म्हणजे देशभरात अठरा ठिकाणांपुरते मर्यादित ठेवले. त्या ठिकाणांबाहेरच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला समोरच्या स्त्रीची गरज दिसत असूनही औषध देता येत नव्हते. शासनाच्याच अंदाजाप्रमाणे त्या काळात वर्षाला सुमारे ७०,००० मुलांना आईकडून संसर्ग होत होता.

ह्या परिस्थितीविरुद्ध प्रथम उभे राहिले ते स्वतः बाधित असलेले सामान्य नागरिक. १० डिसेंबर १९९८ रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनी, केप टाउन येथे ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ ह्या चळवळीचा आरंभ झाला. झॅकी अख्मत हे तिच्या संस्थापकांपैकी प्रमुख होत. त्याच महिन्यात डर्बनजवळच्या क्वामाशू वसाहतीत गुगू दलामिनी ह्या तरुण स्त्रीचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. आपल्याला हा संसर्ग असल्याचे तिने उघडपणे सांगितले होते, एवढाच तिचा अपराध. गुप्तता आणि भीती ह्यांविषयी बोलताना ही घटना विसरता येत नाही. बायका आपला आजार का लपवतात, असे विचारणाऱ्याला तिच्यात उत्तर मिळते. ह्या चळवळीतील स्त्री-पुरुषांनी मात्र ह्या घटनेनंतर वेगळाच मार्ग धरला. ‘एच.आय.व्ही. पॉझिटिव्ह’ अशी ठळक अक्षरे छापलेले सदरे घालून ते रस्त्यावर उतरले. बाधित आणि अबाधित, दोघेही तोच सदरा घालीत. त्यामुळे बोट दाखवावे कोणाकडे, हे पाहणाऱ्याला कळेनासे झाले. ह्याच मंडळींनी वस्त्यांमध्ये आणि दवाखान्यांत लोकांना त्यांच्या भाषेत हा विषाणू काय करतो आणि औषध काय करते हे शिकवले.

शेवटी हे प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर २००१ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने आणि ५ जुलै २००२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने चळवळीच्या बाजूने निर्णय दिला. औषधावरील निर्बंध उठवावेत, असा आदेश शासनाला मिळाला. ह्या निर्णयाचा उल्लेख कायद्याच्या अभ्यासक्रमांत नेहमी होतो, कारण आरोग्याचा हक्क केवळ कागदावर राहू नये हे त्यात ठामपणे सांगितले आहे. परंतु त्यातील एका कलमाकडे थोडे कमी लक्ष जाते. ठरावीक अठरा ठिकाणांबाहेरच्या रुग्णालयांतील समुपदेशकांनाही ह्या कामाचे शिक्षण द्यावे, असेही न्यायालयाने सांगितले होते. गोळी देणारा हात आणि समजावून सांगणारा शब्द ह्यांची फारकत करता येत नाही, हे न्यायमूर्तींनी ओळखले होते.

तो शब्द बोलणार कोण, ह्याचे उत्तर त्याच सुमारास केप टाउनमध्ये मिळू लागले होते. तेथील ग्रूट शूर रुग्णालय जगाला माहीत आहे, कारण १९६७ मध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण तेथेच केले. मिच बेसर हे अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ तेथे बाधित गर्भवतींवर उपचार करीत होते. हृदय बदलण्याइतके कौशल्य जेथे होते, तेथे ह्या स्त्रियांना मात्र एक गोष्ट मिळत नव्हती. तपासणीचा निकाल सांगायला परिचारिकेजवळ थोडी मिनिटे असत. त्या मिनिटांत एका तरुण स्त्रीला तिच्या आयुष्यातील सर्वांत भयंकर बातमी सांगायची, तिचे रडणे थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग दहा सूचना द्यायच्या. सूचना तिच्या कानावर पडत, मनात शिरत नसत. परिचारिकांना दोष देऊन उपयोग नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे जगातील रोगांचा २४ टक्क्यांहून अधिक भार आफ्रिकेवर होता आणि जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी अवघे ३ टक्के तिच्या वाट्याला आले होते.

ह्या अडचणीतून २००१ मध्ये ‘मदर्स टू मदर्स’ ही संस्था निघाली. तिची कल्पना अगदी साधी होती. ज्या स्त्रिया स्वतः बाधित आहेत, ज्यांनी हाच उपचार घेतला आहे आणि ज्यांचे मूल आता मांडीवर आहे, त्यांना थोडे शिक्षण द्यावे आणि त्याच दवाखान्यात नव्या गर्भवतींशी बोलायला बसवावे. त्यांना ‘मार्गदर्शक माता’ म्हणू लागले. हे काम दानधर्म म्हणून करावयाचे नव्हते. त्यासाठी त्यांना वेतन मिळू लागले, आणि दवाखान्यातील इतर कर्मचाऱ्यांमध्ये त्यांचीही गणना झाली.

मार्गदर्शक माता नेमके काय करते? निकाल ऐकून बाहेर आलेल्या स्त्रीजवळ ती बसते आणि सांगते, की हाच निकाल एके दिवशी तिनेही ऐकला होता. ह्या एका वाक्याने जे घडते ते मोठ्या व्याख्यानाने घडत नाही. समोरची स्त्री मान वर करून पाहते, तो एक धडधाकट बाई तिच्यासमोर बसलेली असते. मरणाची म्हणून जी बातमी तिने ऐकली, ती घेऊन जगणारी ही बाई असते. मग पुढच्या गोष्टी निघतात. गोळी रात्री घ्यावी की सकाळी, पहिल्या दिवसांत मळमळले तर काय करावे, नवऱ्याला कधी व कोणत्या शब्दांत सांगावे, प्रसूतीच्या दिवशी दाईला काय सांगावे, ह्या प्रश्नांची तिची उत्तरे अनुभवातून आलेली असतात. ठरल्या दिवशी कोणी आली नाही, तर ती तिची चौकशी करते. शहाणपणाचा भाग असा, की गावाचे डोळे कोठे असतात हे तिला डॉक्टरपेक्षा चांगले कळते.

दुधाच्या प्रश्नात तर ह्या कळण्याची फारच गरज पडली. आरंभी दक्षिण आफ्रिकेतील दवाखाने बाधित मातांना पावडरच्या दुधाचे डबे फुकट देत. हेतू उत्तम होता. परंतु डबा हातात घेऊन वस्तीत शिरणाऱ्या बाईविषयी कोणाला काही विचारावे लागत नसे, डबाच चुगली करी. मग बाई काय करी? चार माणसांसमोर मुलाला अंगावर घेई आणि एकांतात बाटली देई. वरून आजी पातळ पेज चाटवी आणि पोट दुखू नये म्हणून काही बाटलीतले औषध पाजी. १९९९ मध्ये डॉ. अ‍ॅना कुत्सुडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डर्बन येथील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या मिश्र आहाराचे खरे स्वरूप उघड झाले. तीन महिन्यांच्या वयापर्यंत ज्या मुलांना अंगावरच्या दुधाबरोबर इतर काही दिले होते, त्यांच्यात संसर्ग २४.१ टक्के आढळला. ज्यांना केवळ आईचे दूध मिळाले, त्यांच्यात १४.६ टक्के. तान्ह्या मुलाच्या आतड्याचे कोवळे अस्तर वरच्या अन्नाने दुखावते आणि विषाणूला वाट मिळते, असे त्याचे स्पष्टीकरण तज्ज्ञ देतात. आज आई नियमाने औषध घेत असेल तर दुधातून होणारा धोका फारच कमी होतो, आणि पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, हाच सल्ला दिला जातो.

हा सल्ला देणे सोपे असले, तरी घरात तो पाळणे अवघड असते. आपल्याकडेही बाळाला मध चाटवणे, गुळाचे पाणी पाजणे, घुटी उगाळणे ह्या गोष्टी प्रेमानेच केल्या जातात. जिने चार मुले वाढवली, त्या आजीला नव्या सुनेने ‘पाणीसुद्धा नको’ असे सांगायचे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. म्हणून ज्या ठिकाणी हे काम खऱ्या अर्थाने लोकांचे झाले, तेथे केवळ मातेला शिकवून कोणी थांबले नाही. आजीला, पतीला, सुईणीला आणि धर्मोपदेशकालाही त्यात घेतले गेले. सहा महिने फक्त आईचे दूध ही गोष्ट सर्वच मुलांना हिताची आहे. ती सर्व घरांत रुजली, तर बाधित आईला वेगळे काही करावे लागत नाही आणि तिचे गुपितही झाकले जाते. समाजाची चांगली सवय हाच दुबळ्याचा आडोसा होतो, तो असा.

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस मलावी नावाचा लहान आणि गरीब देश आहे. औषधे कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी रक्ताची जी सूक्ष्म तपासणी लागते, तिची सोय तेथील बहुतेक खेड्यांत नव्हती. म्हणून २०११ मध्ये त्या देशाने एक धाडसी निर्णय घेतला. प्रत्येक बाधित गर्भवतीस, तिची प्रकृती कशीही असो, त्याच दिवसापासून आयुष्यभराचे औषध सुरू करावयाचे. पुढे जगाने हाच मार्ग स्वीकारला. औषध सुरू करणाऱ्या स्त्रियांची संख्या वर्षभरात अनेक पटींनी वाढली. पण लवकरच असे दिसून आले, की त्यांतील कित्येक जणी पहिल्या भेटीनंतर पुन्हा येतच नाहीत. निकाल कळल्याच्या दिवशीच हातात आयुष्यभराच्या गोळ्या पडतात, आणि मनाला सावरायला वेळ मिळत नाही. मग तेथे एक पद्धतशीर तुलना करण्यात आली. काही आरोग्यकेंद्रांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली, काहींत दवाखान्यातच मार्गदर्शक माता नेमल्या आणि काहींत त्या स्त्रीच्या गावातीलच अनुभवी मातेशी तिची गाठ घालून दिली. दोन वर्षांनी पाहिले, तेव्हा नेहमीच्या व्यवस्थेत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया उपचारात टिकल्या होत्या. जेथे सोबतीण होती, तेथे सुमारे चार-पंचमांश टिकल्या होत्या. औषध एकच, डॉक्टर तसेच. फरक पडला तो सोबतीचा.

भारताची परिस्थिती ह्याहून निराळी आहे. येथे हा विषाणू प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. तो शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन ह्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने गोळा केलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून हा शोध लागला. पुढे डॉ. सोलोमन यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढून, २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, ह्या रुग्णांची सेवा केली. इतर अनेक जण ह्या रुग्णांना हात लावण्यास धजत नव्हते, अशा काळात त्यांनी हे काम उभे केले.

आपल्याकडे वर्षाला दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात आणि हजार गर्भवतींमध्ये दोन-तीनच बाधित असतात. प्रमाण अल्प असणे ही भाग्याची गोष्ट खरी; तथापि त्यामुळे एक वेगळीच अडचण उभी राहते. केप टाउनजवळच्या वस्तीत दवाखान्याच्या बाकावर चौघींपैकी एक बाधित होती. आपल्या तालुक्याच्या गावी ती एकटीच असते. तिला आपल्यासारखी दुसरी कोणी भेटतच नाही. हा एकाकीपणा मोडण्याचा पहिला प्रयत्न बाधित स्त्रियांनीच केला. १९९८ मध्ये तमिळनाडूत पी. कौसल्या आणि त्यांच्यासारख्या काही जणींनी मिळून ‘पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क’ ही संघटना स्थापली. आपला आजार जाहीर करून पुढे येणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी कौसल्या ह्या एक होत. पुढे अनेक राज्यांतून आणि जिल्ह्यांतून बाधितांचे असे संघ उभे राहिले, आणि उपचार सोडलेल्यांना पुन्हा दवाखान्यात आणण्याचे काम त्यांच्यातील कार्यकर्ते करू लागले. शासनाच्या बाजूने २००० मध्ये निवडक वैद्यकीय महाविद्यालयांतून प्रयोग सुरू झाला, २००२ पासून कार्यक्रमाचा विस्तार झाला, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आयुष्यभराचे औषध देण्याचे धोरण देशभर लागू झाले.

तरीही मराठी संसाराची एक रीत ह्या धोरणाला नकळत आडवी येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली प्रथा आहे. कामधंद्यासाठी सुरत, इंदूर, हैदराबाद येथे राहणाऱ्या कुटुंबातील सून सातव्या महिन्यात माहेरी येते. ती येते, पण तिचे कागद येत नाहीत. तिचे नाव एका प्रांतातील दवाखान्याच्या वहीत असते आणि प्रसूती दुसऱ्या प्रांतात होते. आईला काळजी वाटेल म्हणून मुलगी सांगत नाही. गोळ्यांची डबी ट्रंकेच्या तळाशी राहते, ती संपली तर दुसरी आणायची कोठून हे तिला ठाऊक नसते. शिवाय प्रसूती खासगी प्रसूतिगृहात झाली, तर सरकारी कार्यक्रमाचा हात तेथपर्यंत पोचेलच असे नाही. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने खासगी प्रसूतिगृहांतील स्त्रियांसाठी हे काम हाती घेतले, ते ह्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. अशा मुलीला शोधण्यास वही पुरी पडत नाही. तिला शोधू शकते ती गावातील आशा कार्यकर्ती, अंगणवाडीची ताई, किंवा जिल्ह्याच्या संघातील एखादी बाई, जी ह्या गावातून त्या गावी निरोप पोचवते आणि तरीही तोंडातून शब्द बाहेर काढीत नाही.

येथेच ह्या पद्धतीच्या मर्यादांचाही विचार करणे प्राप्त आहे. समाज म्हटला की तो मायाळूच असतो, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. गुगू दलामिनीला मारणारेही तिच्या वस्तीचेच होते. गाव हा आसरा असतो तसाच तो न्यायाधीशही असतो. म्हणून हे काम समाजावर सोपवताना गुप्ततेची चौकट आधी पक्की असली पाहिजे. आपल्या देशात २०१७ मध्ये झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा, समजून दिलेल्या संमतीवाचून तपासणी करण्यास आणि परवानगीवाचून कोणाचा आजार उघड करण्यास मनाई करतो. तसेच नोकरीत, शाळेत वा रुग्णालयात भेदभाव करण्यासही मनाई करतो. हा कायदा मार्गदर्शक मातेच्या ओठांइतकाच तिच्या शेजाऱ्यांच्याही ओठांवर असायला हवा.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. लोकसहभाग ह्या शब्दाआड कित्येकदा फुकटचे श्रम दडलेले असतात, आणि ते बहुधा बायकांचे असतात. जिच्या शब्दावर कार्यक्रमाचे यश अवलंबून आहे, तिला नियमित वेतन नाही, ही गोष्ट कोणत्याही प्रशासनाला भूषणावह नाही. आणि हे वेतन परक्याच्या मदतीवर अवलंबून राहिले तर काय होते, तेही दिसून आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक ठिकाणी अशा कामाला जबर धक्का बसला. तिजोरीत पैसा कमी असला की शासन प्रथम औषध वाचवते आणि माणसे कमी करते. मलावीचा अनुभव सांगतो, की ती काटकसर महागात पडते. माणूस गेला, की औषध फडताळातच राहते.

उलटपक्षी, शासनाने आपली जबाबदारी सोडावी आणि सर्व भार लोकांवर टाकावा, असाही ह्याचा अर्थ नव्हे. औषधाचा पुरवठा, प्रयोगशाळा, प्रसूतीची सोय आणि कायद्याचे संरक्षण ही कामे शासनानेच करावयाची. दक्षिण आफ्रिकेत लोक न्यायालयात गेले, ते शासन नको म्हणून गेले नाहीत. शासनाने आपले काम करावे, म्हणून गेले. आणि शासनाने ते केले तेव्हा फळ मिळाले. २०१० मध्ये तेथे झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, बाधित मातांच्या एक ते दोन महिन्यांच्या बालकांमध्ये संसर्गाचे प्रमाण ३.५ टक्के आढळले. जेथे पूर्वी चार-पाच मुलांमागे एक गमवावे लागे, तेथे हा पल्ला दहा वर्षांत गाठला गेला. राज्याची साधने आणि स्त्रियांचा परस्परांवरील विश्वास, ह्या दोहोंची गाठ पडली म्हणूनच हे घडले.

आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे बाधित मातेच्या मुलाची शेवटची तपासणी ते अठरा महिन्यांचे झाल्यावर होते. तोवर ते चालू लागलेले असते, बोबडे बोलू लागलेले असते. आईच्या मनातील धास्ती मात्र संपलेली नसते. त्या दिवशी दवाखान्यातून तिला एक लहानसा कागद मिळतो, आणि मूल निरोगी आहे असे त्यावर लिहिलेले असते. बाकड्यावर ती क्षणभर टेकते. त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कधी एखादी तरुण गर्भवती मान खाली घालून बसलेली असते. आताच आतून निकाल ऐकून ती बाहेर आलेली असते. कागद पदराखाली लपवून घरी जाण्याचा हक्क पहिलीला आहे, आणि त्यासाठी तिला कोणी नाव ठेवू नये. परंतु ती सरकून दुसरीच्या जवळ बसली, आणि मूल तिच्या मांडीवर दिले, तर पुढच्या अठरा महिन्यांची वाट त्या दुसरीला एकटीने चालावी लागणार नाही.